रात्री गाडी कुठे लावणार? दोघांच्या कॅम्पर व्हॅन सहलीसाठी युरोपातला देश निवडताना

कॅम्पर व्हॅनने युरोप फिरायचा म्हटलं की बहुतेक जोडप्यांच्या डोळ्यांसमोर दिवसाची चित्रं येतात: नॉर्वेचे फ्योर्ड, आल्प्सचे घाट, क्रोएशियाचा निळा समुद्र. देशही त्यावरूनच ठरतो. पण ही सहल बिनसते ती संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला. दोघंही दमलेली, एक जण स्टिअरिंगवर, दुसरा मोबाइलवर जागा शोधतोय, आणि हेरून ठेवलेल्या पार्किंगवर ‘रात्री थांबण्यास मनाई’ अशी पाटी. ज्या देशात रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न सहज सुटतो तो देश पहिल्या सहलीसाठी चांगला, मग तिथले डोंगर थोडे बुटके असले तरी चालतील. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: महिना ठरवा आणि दिवस प्रामाणिकपणे मोजा

देशाआधी महिना. मार्च-एप्रिलमध्ये सुट्टी असेल तर दक्षिण पोर्तुगाल, स्पेनचं अँडालुसिया किंवा इटलीचं सिसिली. आल्प्सचे उंच घाट तेव्हा बर्फाखाली असतात: ऑस्ट्रियाचा ग्रोसग्लॉकनर साधारण मेमध्ये उघडतो, इटलीतला २,७५७ मीटर उंचीचा स्टेल्व्हिओ मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये. मे-जून हा मध्य युरोपाचा काळ, म्हणजे जर्मनी, फ्रान्समधलं अल्सास, स्लोव्हेनिया. नॉर्वे जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतच. सप्टेंबर लागला की तिथल्या बऱ्याच कॅम्पसाइट्सना कुलूप लागतं. ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर जाऊ नका. १५ ऑगस्टच्या आसपास अख्खं इटली सुट्टीवर असतं आणि किनाऱ्यावरच्या जागा महिनेन् महिने आधी भरलेल्या असतात. निवड तुमच्या हातात असेल तर सप्टेंबर घ्या. शाळा उघडलेल्या असतात, समुद्र अजून कोमट असतो आणि द्राक्षांची तोडणी चालू असते.

आता दिवस. भाड्याची व्हॅन बहुधा दुपारी दोन-तीननंतर हातात मिळते आणि परत द्यायची असते सकाळी दहाच्या आत. म्हणजे दहा रात्रींच्या भाड्यात पुरते नऊच दिवस मिळतात. त्यातला पहिला दिवस किराणा भरण्यात आणि गाडीची बटणं समजून घेण्यात जातो. विमानातून उतरल्या उतरल्या गाडी ताब्यात घेऊ नये. पहिली रात्र हॉटेलात काढा.

हायवे सोडला की व्हॅनचा सरासरी वेग तासाला ५०-६० किमीच्या वर जात नाही. रोज १२० ते १५० किमी आणि दर तिसऱ्या दिवशी गाडी जागची हलवायची नाही, असं धरलं की आठ दिवसांत फार तर ९०० किमी होतात. हा आकडा कागदावर लिहा आणि मगच नकाशा उघडा. ऑस्लोहून नॉर्वेच्या उत्तर टोकाचं नॉर्डकॅप एका बाजूने सुमारे २,००० किमी आहे. पोर्तुगालचा एन-२ रस्ता उत्तरेच्या शावेसपासून दक्षिणेच्या फारूपर्यंत ७३९ किमी आहे, म्हणजे तेवढ्याच दिवसांत एक देश आडवा न्‌ उभा कळतो. एक मात्र ध्यानात ठेवा, गाडी बहुतेकदा घेतली तिथेच परत करावी लागते. दुसऱ्या शहरात सोडायची मुभा असली तरी त्याचं भाडं जबर असतं. त्यामुळे मार्ग गोल आखा.

दुसरी पायरी: त्या देशात रात्रीचा नियम काय, ते आधी बघा

इथे घाई नको, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहेत.

पहिला गैरसमज नॉर्वे, स्वीडन आणि स्कॉटलंडचा. ‘तिथे कुठेही मुक्काम करता येतो’ हे अर्धंच खरं आहे. नॉर्वेचा १९५७ चा कायदा मोकळ्या रानात तंबू ठोकायला परवानगी देतो, राहत्या घरापासून १५० मीटर लांब. पण हा हक्क चालत जाणाऱ्याचा आहे. रस्ता सोडून गाडी रानात घालायला तिन्ही देशांत मोकळीक नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यानेही मोटारीला हा हक्क दिलेला नाही. रस्त्याकडेच्या पार्किंगवर रात्र काढणं नॉर्वेत अनेक ठिकाणी चालतं, मात्र लोफोटेनसारख्या गर्दीच्या भागात मनाईच्या पाट्या वाढत चालल्या आहेत.

दुसरा गैरसमज दक्षिणेचा. पोर्तुगालमध्ये २०२१ पासून नियम असा आहे: संरक्षित क्षेत्रात आणि किनारपट्टीच्या राखीव पट्ट्यात अधिकृत जागा सोडून रात्र काढायची नाही. इतरत्र एका नगरपालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त ४८ तास. अलेंतेझूचा नैर्ऋत्य किनारा जवळजवळ सगळा निसर्ग उद्यानात येतो, त्यामुळे कड्यावर गाडी लावून सूर्यास्ताचे काढलेले जुने फोटो बघून तिथे जाऊ नका. क्रोएशिया आणि स्लोव्हेनियात कॅम्पसाइट किंवा अधिकृत जागेबाहेर मुक्काम केला तर दंड भरावा लागतो.

स्पेन आणि इटलीत ‘पार्क करणं’ आणि ‘कॅम्पिंग करणं’ यात फरक केला जातो. गाडी फक्त चाकांवर उभी आहे, बाहेर खुर्ची नाही, सावलीचं कापड बाहेर ताणलेलं नाही, पाण्याचा थेंब सांडत नाही, तर ते पार्किंग. चाकाखाली उंचवट्याचे ठोकळे सरकवले की झालं कॅम्पिंग. त्यावर स्थानिक मनाई असेल तर तीच चालते. जर्मनीत जिथे पार्किंगला बंदी नाही तिथे थकवा घालवून पुन्हा गाडी चालवण्याजोगं होण्यापुरती एक रात्र थांबता येते. टेबल-खुर्च्या मांडायच्या नाहीत.

आता सोपे देश. जर्मनीत गावोगावी ‘श्टेलप्लाट्झ’ आढळतो. कॅम्पर गाड्यांसाठीच आखलेली ही पार्किंगची जागा. नाण्यांवर किंवा कार्डावर चालणारा पाण्याचा नळ, सांडपाणी सोडायची जाळी, संडासाची टाकी रिकामी करायची सोय आणि बहुधा विजेचा खांब. रात्रीला साधारण १० ते २० युरो. फ्रान्समध्ये याच सोयीला ‘एर’ म्हणतात, इटलीत ‘आरेआ दी सोस्ता’. फ्रान्समध्ये याशिवाय ‘फ्रान्स पासियाँ’ ही योजना आहे. वर्षाचं सभासदत्व घेतलं की द्राक्षमळेवाले आणि शेतकरी आपल्या आवारात २४ तास फुकट थांबू देतात. अट एकच, संडास आणि सांडपाण्याची टाकी गाडीतच हवी. वाइनची बाटली विकत घ्यायची सक्ती नसते, पण रिकाम्या हाताने निघणंही बरं दिसत नाही.

श्टेलप्लाट्झवर बाथरूम असेलच असं नाही. रोज ऐसपैस आंघोळ लागणारी जोडपी दर तिसऱ्या रात्री कॅम्पसाइट घेतात, तिथे दोघांचे उन्हाळ्यात ३० ते ५० युरो पडतात. हा तीनास एकचा हिशेब जिथे जमतो, तोच देश नवख्यांचा.

तिसरी पायरी: दोघांना लागणारी गाडी त्या देशात बसते का?

दोघांसाठी तीन प्रकार. छत उचलता येणारी छोटी व्हॅन, लांबी सुमारे ४.९ मीटर, उंची दोन मीटरच्या आत. मधली, डुकाटोसारख्या मालवाहू गाडीवर बांधलेली, ५.४, ६ किंवा ६.३६ मीटर लांब, २.०५ मीटर रुंद आणि सुमारे २.६ मीटर उंच. तिसरी, पेटीसारखी रुंद मोटरहोम, २.३ मीटर रुंद आणि जवळजवळ २.९ मीटर उंच. पहिल्या सहलीला मधली घ्या. छोटीत संडास नसतो किंवा नावापुरता असतो. रुंद मोटरहोम जुन्या गावांच्या बोळात अडकते, आणि ती दामटवणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्याच्या जिवाला जास्त घोर लागतो.

सहा मीटरचा आकडा उगाच आलेला नाही. गाडी पलीकडे नेणाऱ्या अनेक फेरीबोटींचं भाडं गाडीच्या लांबीवर असतं, तिथे ५.९९ मीटरची गाडी सोयीची पडते. नॉर्वेत फेरीबोट हा रस्त्याचाच भाग असतो, कधी कधी दिवसात दोनदा-तीनदा लागते, तिथे हा फरक जाणवू शकतो. उंचीचंही तेच. स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्समध्ये समुद्राकाठच्या पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरच्या आसपास लोखंडी दांडी टाकलेली असते. गाडीची उंची मीटरमध्ये कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.

बुकिंगआधी बेडचा आराखडा मागवा. सहा मीटरच्या गाडीत बेड बहुधा आडवा असतो, लांबी १.९० मीटरच्या आसपास. उंच माणसाचे पाय भिंतीला टेकतात आणि आतल्या बाजूला झोपलेल्याला रात्री उठायचं झालं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. दोघांपैकी एकाची उंची १.८५ मीटरच्या वर असेल किंवा झोप सावध असेल तर ६.३६ मीटरची, लांबीत दोन वेगळे बेड असलेली गाडी घ्या. फेरीबोटीचं भाडं थोडं वाढू शकेल, पण सकाळ बरी जाईल.

पाणी, वीज आणि थंडी यांचाही देशाशी संबंध आहे. स्वच्छ पाण्याची टाकी साधारण १०० लीटरची. जपून वापरलं तर दोघांना तीन दिवस, गाडीतच आंघोळ केली तर दीड-दोन. संडासाची कॅसेट, म्हणजे बाहेर काढून रिकामी करायची टाकी, १७ ते १९ लीटरची, ती दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करावीच लागते. मधल्या गाड्यांमध्ये कंप्रेसरवर चालणारा फ्रिज असतो. तो बॅटरी पितो. ऑक्टोबरच्या जर्मनीत, ऊन नाही आणि गाडीही जागेवर उभी, अशा वेळी दुसऱ्या रात्रीनंतर बॅटरी मान टाकते. तेवढ्याच दिवसांत दक्षिण पोर्तुगालच्या अल्गार्व्हमध्ये छतावरचं सोलर पॅनल निभावून नेतं.

विजेच्या खांबावर किती अँपिअर मिळतात तेही वाचा. दक्षिणेत आणि फ्रान्समध्ये पुष्कळदा ६ अँपिअरच असतात, म्हणजे १,३८० वॉट. २,००० वॉटची केटली लावली की खांबावरचा खटका पडतो, आणि तो खटका कुलूपबंद पेटीत असेल तर ऑफिस उघडेपर्यंत अंधारात.

मार्च-एप्रिलमध्ये थंड प्रदेशात गाडी घेणाऱ्यांना हमखास गोंधळात टाकणारा एक झडप आहे. पाणी गोठून बॉयलर फुटू नये म्हणून तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की हा झडप आपोआप उघडतो आणि बॉयलरचं दहा लीटर पाणी गाडीखाली सोडून देतो. पंप चालू राहिला असेल तर मागोमाग सगळी टाकीच रिकामी होते. नवखे लोक टाकी फुटली समजून कंपनीला फोन लावतात. झडप कपाटाच्या किंवा बाकाच्या खाली, हीटरजवळ असतो. त्याचं बटण दाबून ते बसत नाही, परत वर येतं. कारण आजूबाजूची हवा ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय ते बसणारच नाही. आधी हीटर लावा, अर्धा तास थांबा, मग बटण दाबून बसवा आणि त्यानंतरच पाणी भरा.

चौथी पायरी: व्हिसा, टोल आणि कॅमेरे

शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या क्षेत्रात आता २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ च्या जानेवारीत आला, बल्गेरिया आणि रोमानिया २०२५ मध्ये पूर्णपणे आले. ब्रिटन आणि आयर्लंड बाहेर आहेत. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा. व्हिसाचा अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे करायचा, रात्री सारख्या असतील तर आधी प्रवेश कराल त्याच्याकडे. त्यामुळे ‘जिकडे वाटेल तिकडे जाऊ’ हे अर्जापुरतं तरी बाजूला ठेवा. रद्द करता येतील अशी कॅम्पसाइटची आरक्षणं आणि व्हॅनचा भाडेकरार सोबत जोडा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मध्येच अल्बेनियात डोकवायचं असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशाचा व्हिसा हवा, शिवाय भाड्याची गाडी तिथे न्यायला परवानगी आहे का तेही करारात बघा. पुष्कळदा नसते.

३.५ टनांपर्यंतची गाडी साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालते. युरोपबाहेरच्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट काढून ठेवा, आणि करारावर दोघांचीही नावं चालक म्हणून घाला. एकच चालक असलेली सहल पाचव्या दिवशी चिडचिडी होते.

टोलची पद्धत देशागणिक वेगळी. जर्मनीत ३.५ टनांपर्यंत ऑटोबान फुकट. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि स्लोव्हेनियात विनेट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, घ्यावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये एक दिवस जा नाहीतर वर्षभर, ४० फ्रँकच. ऑस्ट्रियात विनेट असला तरी ब्रेनर घाटाच्या रस्त्याचा टोल वेगळा. फ्रान्समध्ये उंचीवर: दोन मीटरच्या आत पहिला वर्ग, दोन ते तीन मीटर दुसरा. पोर्तुगालच्या अल्गार्व्हमधल्या ए-२२ चा टोल २०२५ पासून बंद झाला आहे.

इटलीत जुन्या शहरांच्या वेशीवर ‘झेडटीएल’ची, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागाची, लाल गोल पाटी असते. परवान्याशिवाय आत गेलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि काही महिन्यांनी दंड येतो, त्यावर भाडेकंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं. फ्लोरेन्समध्ये एका दुपारी दोनदा आत-बाहेर केलं तर दोन दंड. जर्मनीच्या अनेक शहरांत काचेवर हिरवा पर्यावरण स्टिकर लागतो. गाडी घेताना तो आहे का बघा.

पाचवी पायरी: यादी तीनवर आणा

दोघांच्या पहिल्या, आठ-दहा दिवसांच्या सहलीसाठी आमची पहिली पसंती जर्मनीतलं मोझेल नदीचं खोरं आणि अल्सासला आहे. ट्रियर ते कोब्लेंझ नदीच्या काठाने साधारण २०० किमी, वाटेत बेर्नकास्टेल-कूस आणि कोखेम, आणि काठाकाठाने श्टेलप्लाट्झ. गाडीतून उतरलं की पाच मिनिटांत गावाचा चौक. त्याला जोडून मार्लेनहाइम ते थान हा अल्सासचा १७० किमीचा वाइन रस्ता. मोठे घाट नाहीत, फेरीबोट नाही. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, तेवढा शनिवारी किराणा भरा. मोझेलला पूर आला की सगळ्यात आधी पाण्याखाली जातात ते काठावरचे श्टेलप्लाट्झच, म्हणून हिवाळ्यात आणि मोठ्या पावसानंतर एकदा गावाच्या वेबसाइटवर बघून घ्या.

डोंगर हवेच असतील तर स्लोव्हेनिया. देश एवढासा की ब्लेड आणि बोहिन्य ही सरोवरं आणि सोचा नदीचं खोरं आठवड्यात निवांत होतं. मुक्काम मात्र कॅम्पसाइटवर किंवा अधिकृत जागेवरच. १,६११ मीटरच्या व्हर्शिच घाटात ५० हेअरपिन वळणं आहेत, त्यांतली बरीचशी दगडी फरसाची. पहिल्यांदाच मोठी गाडी चालवणाऱ्यांनी इटलीच्या तार्व्हिझिओवरून प्रेडेल घाटाने, १,१५६ मीटरवरून, सोचाच्या खोऱ्यात उतरावं. लांब पडतं, पण रस्ता रुंद आहे.

सुट्टी मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये असेल तर तिसरं नाव पोर्तुगाल.

नॉर्वे दुसऱ्या सहलीसाठी राखा, दोन आठवडे हाताशी असतील तेव्हा. स्कॉटलंडमध्ये डाव्या बाजूने गाडी चालवायची असते, हे भारतातल्यांना सोयीचं. पण एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर समोरच्याला वाट द्यायच्या जागा असतात, तिथे रात्री गाडी लावायची नसते. उन्हाळ्यात मिज नावाचे बारीक चावरे किडे दार उघडू देत नाहीत. बेलाख ना बाच्या ६२६ मीटरच्या घाटात मोटरहोम नेऊ नका, फार मोठ्या गाड्यांनी तो टाळावा अशी पाटीच पायथ्याला आहे. आइसलँडमध्ये कॅम्पर गाडीने रात्री कॅम्पसाइटवरच थांबायचं, आणि वाऱ्यात दार हातातून सुटून उलटं मुरगळलं तर तो खर्च विम्यात बहुधा बसत नाही.

सहावी पायरी: घरबसल्या एक संध्याकाळ चालवून बघा

उरलेल्या दोन-तीन नावांची परीक्षा घ्या. सहलीचा मधला कोणताही दिवस धरा. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तुम्ही कुठल्या गावाजवळ असाल ते नकाशावर टेकवा आणि तिथून ३० किमीच्या आत तीन अधिकृत मुक्काम शोधा. तिन्ही त्या महिन्यात उघडे हवेत, तुमच्या लांबीची गाडी घेणारे हवेत आणि त्यांतल्या एकावर तरी संडासाची कॅसेट रिकामी करायची सोय हवी. असे वेगवेगळे तीन दिवस तपासा. जिथे दोनदा हात हलवत परत यावं लागलं, तो देश यंदा नको.

मग फक्त पहिली आणि शेवटची रात्र आरक्षित करा. पहिली, गाडी मिळते त्या डेपोपासून ४०-५० किमीवरची कॅम्पसाइट. तिथे उजेडात पोहोचा. गाडी घेताना दाखवतात ते सगळं मोबाइलवर चित्रित करा, विशेषतः बाहेरची तीन झाकणं: डिझेल, निळं अ‍ॅडब्लू (डिझेलचा धूर शुद्ध करणारं द्रव) आणि पिण्याचं पाणी. एकात दुसरं गेलं तर सहल तिथेच संपते. पंपावर चौकोनातलं ‘बी ७’ हे डिझेल, वर्तुळातलं ‘ई ५’ किंवा ‘ई १०’ हे पेट्रोल. स्पेनचं ‘गासोलेओ’ आणि इटलीचं ‘गासोलिओ’ हे दोन्ही डिझेलच. नावाच्या सारखेपणाने अनेक जण पेट्रोल समजून तो नळ टाळतात आणि नेमका चुकीचा उचलतात.

शेवटची रात्र डेपोपासून तासाभराच्या आत, आणि रिकामं करायची जागा जिथे नक्की चालू आहे अशा ठिकाणी. सांडपाणी आणि कॅसेट आदल्या संध्याकाळीच रिकामी करा. सकाळी आठला त्या एका नळासमोर तुमच्यासारख्याच पाच गाड्या उभ्या असतात, आणि भरलेली कॅसेट परत केल्याचा दंड करारात वेगळा छापलेला असतो.